तळ्याकाठची लाल सँडल

त्या आठवड्यात घरात फुलांना जागा उरली नव्हती. बादलीत फुलं, पातेल्यात फुलं, न्हाणीघरातल्या टबात फुलं. बाबांची दाढीची वाटीसुद्धा कुणीतरी आणलेल्या इवल्याशा गुच्छाने पळवली होती, आणि बाबा गालावर पांढरे खुंट वाढवून जगभरच्या पत्रकारांशी बोलत बसले होते. फोनवर दाढी दिसत नाही, एवढंच काय ते बरं.

बाबांना सन्मान मिळाला होता. साधासुधा नव्हे. ज्यासाठी देशोदेशीचे विद्वान वर्षभर कान टवकारून बसतात, तो. माणसाची आठवण ही काही पेटीत घडी घालून ठेवलेली वस्तू नव्हे, ती दर वेळी नव्याने विणली जाते, आणि म्हणूनच कधी न घडलेली गोष्टही माणसाच्या मनात रुजवता येते, हे त्यांनी उभा जन्म खर्चून सिद्ध केलं होतं. त्यांच्यामुळे कितीतरी न्यायालयांनी साक्षीदाराला प्रश्न विचारायची रीत बदलली. कुणाच्या तरी चुकलेल्या आठवणीपायी तुरुंगात पडलेली माणसं घरी परतली. त्यांतली दोघं-तिघं अजून बाबांना भेटायला यायची, फारसं न बोलता बसायची, चहा प्यायची आणि निघताना बाबांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवायची. बाबा मोठे होते ते उगाच नव्हते.

आणि बाबांची धाकटी त्यांच्याच संस्थेत कामाला होती. घरी ती धाकटी, संस्थेत उलगडेताई.

उलगडेताई हे नाव तिला तिच्या कामावरून पडलं होतं. संस्थेच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा तांब्या, भिंतीवर काहीही नाही. तिथे प्रयोगासाठी आलेल्या माणसाला त्याच्या लहानपणच्या चार गोष्टी विचारायच्या. तीन खऱ्या, त्याच्या घरच्यांकडून आधीच मिळवलेल्या, आणि चौथी बनवलेली. घरातलं एखादं माणूस सामील करून घ्यायचं, 'हो रे, मी होतो की तिथे,' एवढंच म्हणायला. पहिल्या खेपेला माणूस म्हणतो, छे, असलं काही आठवत नाही. दुसऱ्या खेपेला म्हणतो, थांबा, अंधुकसं काहीतरी आहे खरं. आणि तिसऱ्या खेपेला तोच आपल्याला सांगतो, की त्या दिवशी वारा किती सुटला होता.

मग शेवटी उलगडा. म्हणजे त्या माणसाला समोर बसवून सगळं खरं सांगायचं: ही चौथी गोष्ट घडलीच नव्हती, ती आम्ही बनवली. बाबांनीच घालून दिलेला नियम होता, की उलगडा झाल्याशिवाय कुणी त्या खोलीच्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि हे सांगायचं काम धाकटीचं. ती टेबल बाजूला सरकवायची, खुर्ची जवळ ओढायची आणि असं सांगायची, की माणसाला आपण फसलो असं न वाटता आपण माणूस आहोत असं वाटावं. बहुतेक जण हसायचे. काही चिडायचे. एका म्हाताऱ्या बाईंच्या मनात न पाळलेला कुत्रा रुजवला होता. उलगडा झाल्यावर त्यांनी विचारलं, "पण मग तो गेला कुठे गं?" धाकटी त्यांचा हात धरून बसून राहिली होती.

धाकटी नीट बोलायला लागायच्या आतच तिची आई तापाने गेली होती. फोटो होते घरात, पण फोटोतली आई सगळ्यांची. धाकटीची एकटीची होती ती तळ्याकाठची.

तळ्यात बदकं होती. धाकटीच्या पायात लाल सँडल होत्या, नव्या, बक्कल सैल. बदकाला लाथ दाखवायला ती गेली आणि एक सँडल सुटून बुडुक्कन पाण्यात. तिने भोकाड पसरलं. आईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कपडे गुडघ्यांपर्यंत वर खोचले आणि सरळ पाण्यात उतरली. वाकून चाचपलं, सँडल वर काढली, तिच्यातलं पाणी धाकटीच्या पायांवर ओतलं आणि ती रिकामी सँडल तिच्या कानाशी धरून म्हणाली, "ऐक, तळं बोलतंय." मग पायात घालून दिली. आईचे हात गार होते. बक्कल लावताना ती काहीतरी गुणगुणत होती.

एवढंच. पण एवढ्यावर धाकटी मोठी झाली होती. शाळेतल्या मुली आपापल्या आयांच्या तक्रारी सांगायच्या तेव्हा ती मनातल्या मनात तळ्याशी जाऊन यायची. बाळंतपणात कळा असह्य झाल्या तेव्हा तिने तेच गार हात धरले होते. लेक झाली तेव्हा तिने त्याची ओवी केली आणि छबीला मांडीवर घेऊन म्हटली:

*तळ्याच्या काठी बाई, बदक पोहे पाण्यावरी*
*माझी माउली ग आली, लाल सँडल हातावरी*

छबी आता शाळेत जाऊ लागली होती, तरी झोपताना तिला तीच ओवी लागायची.

सन्मान देणाऱ्यांकडून बाबांवर एक छोटी फिल्म काढायला माणसं येणार होती. फिल्मवाल्या बाई आधी येऊन खोली पाहून गेल्या, उजेड कुठून येतो ते बघून गेल्या. "घरच्यांपैकी कुणीतरी बोलायला हवं," त्या म्हणाल्या. "तुमच्या वडिलांनी आयुष्यभर आठवणींचा अभ्यास केला. तुमची स्वतःची एखादी आठवण सांगाल?"

धाकटी म्हणाली, "तळ्याची सांगते."

बाबा खिडकीपाशी उभे होते. ते म्हणाले, "सांग की. छान सांगतेस तू."

---

फिल्मवाले येणार त्याच्या आदल्या दुपारी ढब्बूकाका आले. ढब्बूकाका हे बाबांचे पहिले विद्यार्थी. त्यांच्या आकारामुळे धाकटीच्या थोरल्या भावाने, दादाने, लहानपणी त्यांना हे नाव ठेवलं आणि आता स्वतःची मोठी संस्था चालवणारे, चार देशांत व्याख्यानं देणारे ते गृहस्थ या घरात तेवढ्याच नावाने ओळखले जायचे. त्यांनी संत्र्यांची पेटी दारातच धपकन ठेवली.

"काय गं उलगडेताई, बापाला डोक्यावर घेऊन नाचलीस की नाही?"

"नाचले असते काका, पण तिथे आधीच तुम्ही बसलेले."

"बघा! जिभेला हाड नाही ते नाहीच." ते खुर्चीत बसले तशी खुर्ची कुरकुरली. "सर कुठायत?"

"आत. फोनवर. कुणीतरी विचारतंय, तुम्हाला कसं वाटतंय."

"आणि सर काय सांगतायत?"

"दाढी करायची आहे असं वाटतंय म्हणून."

ढब्बूकाका पोट धरून हसले. धाकटीने चहा आणला, किटली टेबलावर ठेवली, दोन कप मांडले. त्यांनी सन्मानाच्या, प्रवासाच्या, थंडीच्या कपड्यांच्या चौकशा केल्या. मग फिल्मची गोष्ट निघाली.

"तू काय बोलणार उद्या?"

"तळ्याचं." धाकटी कपात चहा ओतत होती.

ढब्बूकाकांनी मांडीवर थाप मारली. "वा! म्हणजे पहिला प्रयोग स्वतः कॅमेऱ्यापुढे बसून बोलणार! हे सरांच्याच डोक्यातून निघालं असणार. शेवटचा पत्ता राखून ठेवला म्हाताऱ्याने."

धाकटी हसली. काकांचं बोलणं नेहमीच अर्धं चेष्टेत असायचं. "कसला पहिला प्रयोग?"

"अगं, सँडलचा! आमचं सगळं दुकान त्या एका सँडलवर उभं आहे बाई. आणि सँडल माझी बरं का, सरांची नव्हे. सर म्हणत होते टोपी. मी म्हटलं, सर, टोपी तरंगते, काठीनेसुद्धा ओढता येईल. सँडल बुडते. आईला पाण्यात उतरावंच लागेल." त्यांनी कप उचलला, फुंकर मारली. "बदकं सरांची. 'तळं बोलतंय' हेही त्यांचंच, तेवढं कबूल करतो. पण गार हात! ते तर आम्ही कुणीच दिलं नव्हतं. पाच वर्षांची तू, खुर्चीवर बसून पाय हलवतेयस, आणि एकदम म्हणालीस, आईचे हात गार होते. मी आणि सर एकमेकांकडे बघतच राहिलो. काटा आला होता अंगावर. तेव्हा कळलं, की रुजलं."

धाकटीच्या हातातली किटली हलली नाही. चहा कपाच्या काठापर्यंत आला तेव्हा तिने ती सरळ केली आणि टेबलावर ठेवली. झाकण वाकडं बसलं होतं, ते तिने नीट बसवलं.

"काका," ती म्हणाली, "माझा उलगडा कुणी केला?"

"सरांनी. दुसरं कोण करणार?" ढब्बूकाकांनी घोट घेतला. मग त्यांचा कप ओठांपाशीच थांबला. "म्हणजे... सरांनीच केला असणार ना?"

धाकटीने काठापर्यंत भरलेला कप आपल्याकडे ओढला.

"केला ना गं? अगं, आपल्याकडे उलगडा झाल्याशिवाय कुणी दाराबाहेर..." वाक्य त्यांच्या तोंडात अर्धंच राहिलं. त्या नियमाचा एकदाही भंग झालेला त्यांनी पाहिला नव्हता. त्याच नियमाचं काम करणारी बाई समोर उभी होती, आणि तिचाच राहिला असेल असं इतक्या वर्षांत त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. त्यांचा एवढा मोठा देह खुर्चीत लहान होत गेला.

"पोरी," ते म्हणाले, "मला वाटलं होतं तुला माहीत आहे. शपथेवर सांगतो."

"चहा घ्या काका. गार होतोय."

त्यांनी घेतला नाही. सरांना नंतर भेटतो म्हणाले, आणि बुटांच्या नाड्या न बांधताच जिना उतरले. आतून बाबांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी समजावून सांगत होते, की आठवण म्हणजे नदी. धाकटीने हे वाक्य त्यांच्या भाषणांत इतक्यांदा टंकलं होतं, की पुढचं वाक्य तिला न ऐकता माहीत होतं.

---

दादाला फोन लावायला ती गच्चीत गेली. दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा, दूरच्या शहरात डॉक्टर. तळ्यावर तोही होता. बाकावर बसून दाणे खात होता. त्यानेच तसं सांगितलं होतं.

"काय गं धाकटे, भाषण झालं का लिहून आपल्या महापुरुषाचं?"

"दादा, तू तळ्यावर होतास?"

पलीकडे कुणीतरी दार लावलं. दादानेच लावलं असावं.

"कुणी सांगितलं?"

तिला वाटलं होतं तो म्हणेल, 'हो, होतो की.' इतकी वर्षं म्हणत आला तसाच. ढब्बूकाका थापा मारतात, असं म्हणेल. 'कुणी सांगितलं' या दोन शब्दांनी तिच्या पायांखालची गच्ची निघून गेली.

"म्हणजे नव्हतास."

"मी नऊ वर्षांचा होतो गं. बाबा म्हणाले, धाकटीसाठी एक खेळ करायचाय. तिने विचारलं तर हो म्हण."

"नऊचा होतास तेव्हा. मग दहाचा झालास, विसाचा झालास. आता पन्नाशीला टेकलास. मधे एखादा दिवस रिकामा नाही सापडला?"

"तू त्याची ओवी केलीस, धाकटे. माझ्यासमोर छबीला म्हणून दाखवलीस. मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"दाणे खात होतो म्हणालास."

"काय?"

"बाकावर बसून दाणे खात होतो, असं म्हणालास. ते कुणी सांगितलं होतं तुला?"

दादा हळू म्हणाला, "ते माझं मी घातलं. तू सारखी विचारायचीस, तू काय करत होतास, तू काय करत होतास. काहीतरी सांगायला हवं होतं ना." पलीकडे त्याने खुर्ची ओढली. "मला आई आठवते, धाकटे. मला सगळं, आणि तुला काहीच नाही. मला वाटायचं, असू दे तिच्याकडे एक."

"खोटी."

"हो," दादा म्हणाला. "खोटी."

तिने फोन ठेवला. समोरच्या गच्चीवर एक बाई वाळलेले कपडे काढत होती. चिमटे तोंडात धरून, एकेक कपडा खांद्यावर टाकत. धाकटी तिच्याकडे बघत राहिली. त्या बाईला मुलगी असेल, आणि त्या मुलीला कधीतरी आठवेल: आईच्या तोंडात चिमटे असायचे. तेवढंसुद्धा पुरलं असतं.

---

दिवेलागणीला ती बाबांच्या खोलीत गेली. बाबा भाषणाच्या कागदांवर वाकले होते.

"बरं झालं आलीस. हा परिच्छेद बघ, फार लांबला का?"

"ढब्बूकाका येऊन गेले."

"मला न भेटता? कमाल आहे."

"सँडलचं सांगून गेले."

बाबांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. कसली सँडल, असं त्यांनी विचारलं नाही, आणि तेवढ्यासाठी धाकटीला त्यांच्याबद्दल क्षणभर आदर वाटला.

"तुझा उलगडा," ते म्हणाले, "राहून गेला."

"दूध आणायचं राहून जातं बाबा."

त्यांनी मान खाली घातली. बाहेरच्या खोलीत छबी कागदाची फुलं कापत होती. कात्रीचा आवाज येत होता.

"तू दारात बसून असायचीस," बाबा म्हणाले. "शेजारच्या मुलांना त्यांच्या आया हाका मारून घरी न्यायच्या, आणि तू मला विचारायचीस, माझी आई कशी हाक मारायची? मला बघवत नव्हतं. मला वाटलं, एक तरी आठवण द्यावी तुला. बापाने दिलेली गोष्ट होती ती."

"आणि ढब्बूकाका काय करत होते तिथे?"

बाबांनी समोरचे कागद एकावर एक रचले.

"टेप चालू होता?"

"होता."

"मग प्रयोग होता."

"दोन्ही होतं, धाकटे."

"दोन्ही नसतं बाबा. लेकीला जवळ घेताना कुणी टेप लावत नाही."

बाबा उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "पुढच्याच आठवड्यात उलगडा करायचं ठरलं होतं. पण तू हट्ट करून लाल सँडल घ्यायला लावल्यास. आईने तळ्यातून काढून दिली होती तसलीच जोडी हवी म्हणालीस. दुकानात तू त्या कानाला लावून बसलीस. मला नाही जमलं. आणि तेव्हाच मी तो नियम केला. उलगडा झाल्याशिवाय कुणी जायचं नाही, हा. तुझ्यामुळे केला. पुन्हा कुणाच्या बाबतीत ते माझ्या मर्जीवर राहू नये म्हणून."

"म्हणजे सगळ्या जगाचा केलात. फक्त माझा नाही."

"हो."

"आणि मलाच त्या खोलीत बसवलंत. लोकांना सांगायला."

"तुझ्याइतकं हळुवार कुणाला जमत नव्हतं."

धाकटीला हसू आलं. त्या हसण्याचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तुमच्या पुस्तकात एक पोर आहे. सँडलऐवजी बाहुली, तळ्याऐवजी विहीर, आणि आई विहिरीत उतरते. पुस्तकाची मुद्रितं मी तपासली होती. मला त्या पोरीची कीव आली, आणि मी तुम्हाला विचारलं, हिचा उलगडा झाला का हो? आठवतं, तुम्ही काय म्हणालात?"

"नाही."

"म्हणालात, 'झाला असेल.' आणि माझ्या हातातलं पेन मागितलंत."

बाबा खुर्चीत बसले. हात मांडीवर ठेवले. म्हातारे, ठिपक्या-ठिपक्यांचे हात. ज्यांना सोडवलं ती माणसं हेच हात धरून उभी राहायची.

"मी ती गोष्ट सांगायचे," धाकटी म्हणाली, "पाहुण्यांपुढे, लग्नात, छबीच्या बारशाला. तुम्ही समोर बसलेले असायचात. ऐकत होतात की तपासत होतात?"

त्यांनी खोटं बोलायला हवं होतं. एकदाच, या एका वेळी तरी. पण बाबा नेमके तेव्हा खरं बोलले.

"दोन्ही," ते म्हणाले.

कात्रीचा आवाज थांबला होता. छबी आत डोकावली, दोघांची तोंडं बघितली आणि परत गेली.

धाकटीच्या मनात एकच जागा शिल्लक होती. तिथे जायला ती भीत होती, आणि गेल्यावाचून राहवतही नव्हतं. "बक्कल लावताना ती गुणगुणत होती," ती म्हणाली. "काका म्हणाले, गार हात तुम्ही दिले नव्हते. गुणगुणणं दिलं होतं का?"

"नाही." बाबांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "नाही, ते आमचं नाही. ते... धाकटे, ते खरं असू शकेल. ती गुणगुणायची. तुला अंघोळ घालताना. खिडकीतून ऊन यायचं, तू पाण्यात हात आपटायचीस, आणि तिचा आवाज, थोडा बसका... तुला तो आवाज..."

आणि ते थांबले, तिच्याकडे बघत.

धाकटीला तो आवाज ऐकू यायला लागला होता. खरंच यायला लागला होता. थोडा बसका, ओला, भिंतींवर घुमणारा. पाण्याची वाफही यायला लागली होती. त्याच क्षणी तिला कळलं, की बाबा कुठल्या सुरात बोलत होते. सावकाश, एकेक वस्तू पुढे ठेवत. आधी ऊन, मग पाणी, मग अर्ध्यावर सोडलेलं वाक्य, म्हणजे उरलेलं ऐकणाऱ्याने स्वतः भरावं. संस्थेत नव्याने येणाऱ्यांना हाच सूर ती शिकवत असे. कुठे थांबायचं, तेसुद्धा.

"थांबा," ती म्हणाली.

"पण हे खरं आहे!" बाबा जवळजवळ ओरडले. "हे खरं आहे गं, देवाशपथ!"

"असेल. पण सांगणारे तुम्ही आहात."

या घरात तिच्या आईला पाहिलेली माणसं दोनच होती, आणि त्या दोघांचंही बोलणं आता कशाच्या कामाचं नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटीला रडायचं कळत नव्हतं. आता कळत होतं, पण कुणासाठी रडायचं, ते तिला ठरवता येईना. जी कधी तळ्यात उतरलीच नाही, तिच्यासाठी?

ती दारापाशी पोचली तेव्हा मागून बाबांचा आवाज आला, अगदी बारीक. "उद्या फिल्मवाले येतील. तू दुसरं काहीतरी सांग हवं तर. मी माझ्यासाठी म्हणत नाही. माझ्या कामामुळे सुटलेली माणसं आहेत. त्यांच्या विरुद्ध टपून बसलेले वकील आहेत. असलं काही हाती लागलं तर..."

"भाषण लांबलंय," धाकटी म्हणाली. "तो परिच्छेद काढून टाका."

त्या दिवशी छबीने झोपताना ओवी मागितली. धाकटीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण ओवी म्हटली नाही. घसा बसलाय म्हणाली.

---

सकाळी फिल्मवाल्या बाई आल्या, त्यांच्याबरोबर कॅमेरा धरणारा आणि आवाज धरणारा. खुर्ची खिडकीच्या तिरप्या उजेडात मांडली गेली. फुलं मागे, थोडी बाजूला. बाबांनी दाढी केली होती. ते भिंतीशी बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, पहिल्यांदाच शाळेत आलेल्या मुलासारखे.

"आवाज बघायचाय," आवाज धरणारा म्हणाला. "बाळ, तू बोल काहीतरी."

छबीला बोलायचं काय ते सुचेना. मग तिने हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "तळ्याच्या काठी बाई, बदक पोहे पाण्यावरी..."

"सुंदर!" फिल्मवाल्या बाई म्हणाल्या. "हे घेऊया आपण. हीच ना ती गोष्ट?"

बाबा जमिनीकडे बघत होते. छबी दुसरी ओळ म्हणून मोकळी झाली आणि आईकडे वळली, शाबासकीसाठी. धाकटीने तिचे केस सारखे केले. पोरीचा काय दोष? तिला आईने दिलं, ते तिने घेतलं.

मग धाकटी खुर्चीत बसली. माइक तिच्या गळ्याशी चिमट्याने लावला.

"आरामात बोला," बाई म्हणाल्या. "तुमच्या आईची ती आठवण. अगदी घरी सांगता तशी."

सांगता आलं असतं. तिच्या जिभेवर ती गोष्ट इतकी घोटलेली होती, की तोंड उघडलं असतं तरी आपोआप बाहेर पडली असती, बदकं, बक्कल, सगळं. समोरची माणसं हळहळली असती. बाबांनी श्वास सोडला असता.

"मला माझी आई आठवत नाही," धाकटी म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी भलामोठा हॉर्न वाजवला. आवाज धरणाऱ्याने कानावरचा हात काढला आणि ओशाळून म्हणाला, "ताई, माफ करा हं, हॉर्न आला मधे. पुन्हा एकदा म्हणाल?"

बाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण धाकटीने मान हलवली. पहिल्यांदा म्हणताना तिला वाटलं होतं, की आपण आईला पुन्हा एकदा पोचवायला निघालोय. दुसऱ्यांदा म्हणण्याआधी तिने ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं. त्यात कुणी काही ठेवलेलं नव्हतं. ते आतून रिकामं होतं, आणि तिचं होतं.

"मला माझी आई आठवत नाही. मी फार लहान होते. काहीही आठवत नाही."

फिल्मवाल्या बाई जरा पुढे झुकल्या. त्यांचा आवाज खाली आला. "मग ती तळ्याची गोष्ट?"

"ती बाबांची आहे," धाकटी म्हणाली. "त्यांना विचारा."

तिने गळ्याशी लावलेला चिमटा काढला, उठली आणि माइक बाबांच्या हातात नेऊन ठेवला. ते घ्यायला तयार नव्हते. तिने त्यांची बोटं एकेक करून त्याभोवती मिटली. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांचे नव्हते. कॅमेरा धरणाऱ्याने बाईंकडे बघितलं, बाईंनी बोट वळवलं, आणि कॅमेरा सावकाश भिंतीकडे फिरला.

"धाकटे," बाबा म्हणाले. "तू बस ना इथे. तू असलीस तर सांगता येईल मला."

जन्मभर ती समोर बसली होती म्हणूनच ते सांगू शकले होते. तिने छबीला हाताला धरलं आणि पायात चपला सरकवल्या.

"आजोबा काय सांगणार आहेत?" जिन्यात छबीने विचारलं.

"मला माहीत नाही."

"मग थांबूया ना! ऐकूया!"

"नको," धाकटी म्हणाली. वरून बाबांनी घसा खाकरल्याचा आवाज आला. तसाच, भाषणाच्या आधी खाकरतात तसा. तिने छबीचा हात घट्ट धरला आणि पुढचा शब्द कानावर पडायच्या आत भराभर जिना उतरली.